मोकळ्या दिवसाचं ताट

नोकरीभर मी लोकांच्या ताटातला भात काढला, आणि तोही गोंदियात. ज्या गावात राइस मिलचा कोंडा वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतो, तिथं 'भात कमी करा' असं सांगून पगार घेणारी बाई कुणाला आवडणार? सरकारी दवाखान्यात माझ्या दारावर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी होती. बाहेरच्या रांगेत मात्र माझं नाव 'भातबंद मॅडम'. 'डॉक्टरले दाखवून झालं, आता भातबंदकडे जाऊन राहिलो,' असं लोक माझ्या दारात उभं राहून फोनवर सांगायचे. मला राग येत नसे. आला तरी करता काय?

खरं सांगायचं तर मी कुणाचाच भात बंद केला नाही. कमी केला. पण आमच्याकडे कमी भात आणि भात नाही ह्यात कुणी फरक करत नाही. पोळ्या खाऊन, डाळ पिऊन, वर दोन केळी खाऊन माणूस म्हणतो, 'आज जेवलोच नाही.' का, तर भात नव्हता.

आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. तरी लग्नात, मयतीत, स्टेशनवर कुणी ना कुणी गाठतंच आणि एकच प्रश्न विचारतं. आधीच्या काळात हा प्रश्न नव्हता, हातात मोबाईल आले तेव्हापासून सुरू झाला. 'मॅडम, वजन कमी करून राहिलो. हप्त्यातून एक दिवस मनासारखं खाल्लं तं चालते का?' ह्या प्रश्नाचं उत्तर मला कधी एका वाक्यात देता आलं नाही. आज सवड आहे, तर जरा सविस्तर सांगते.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं. वजन कमी करायचं म्हणजे अंगाला रोज लागतं त्यापेक्षा थोडं कमी द्यायचं. कमी पडलेलं अंग आपल्या साठवणीतून, म्हणजे चरबीतून काढतं. एवढंच. पण अंग हे मोठं कंजूष आहे. बरेच दिवस कमी दिलं की तेही आपला खर्च आवरतं. माणूस सुस्तावतो, चिडतो, हातपाय गार पडतात आणि काटा एका जागी बसून राहतो. अशा वेळी आठवड्यातून एखादा दिवस अंगाला खरोखर लागतं तेवढं, अगदी पोटभर, खायला द्यावं असा एक विचार आहे. त्यानं अंगाची कंजुषी सुटते असं काहीजण म्हणतात, काहीजण म्हणतात छे, काही सुटत नाही. मी दोन्ही बाजूंचं वाचलंय आणि छातीठोक काहीच सांगणार नाही. पण कावलेलं मन त्या एका दिवसानं ताळ्यावर येतं, हे मी माझ्या खुर्चीतून पाहिलं आहे.

ह्या दिवसाला मी 'मोकळा दिवस' म्हणायचे. पोरं 'चीट डे' म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईचा भात खाताना माणूस फसवतो कुणाला?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ती लागणार आहे. मोकळ्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी काटा वर जातो. जातोच. भात आणि मीठ, दोघंही अंगात पाणी धरून ठेवतात. एका दिवसात चरबी अशी चढत नाही, चढतं ते पाणी, आणि चार-पाच दिवसांत आपलं आपण उतरतं. हे मी हजारदा समजावलं. तरी सकाळी काट्यावर उभं राहून रडणारी माणसं थांबली नाहीत.

सुरुवातीला मी हा दिवस प्रसादासारखा वाटत सुटले होते. मग राइस मिलवाले एक शेटजी भेटले. स्वभावानं गोड, खाण्यानं त्याहून गोड. त्यांना रविवार दिला. पुढच्या महिन्यात काटा होता तिथंच, उलट थोडा चढलेला.

"शेटजी, रविवारी काय खाल्लंत?"

"कुछ नहीं मॅडम. सुबह पोहा-जलेबी, बस."

"आणि?"

"दोपहर में जरा दाल-बाटी."

शेठाणी शेजारी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, इनका संडे शनिवार शाम से लग जाता है. और सोमवार को जो बचा रहता है, वो भी तो खतम करना पड़ता है. अन्न फेंकते थोड़ी हैं!" शेटजींनी बायकोकडे असं पाहिलं, जणू इन्कम टॅक्सवाला घरातलाच निघाला. साडेचार दिवसांची कमाई ते अडीच दिवसांत उडवत होते. मी त्यांचा रविवार काढून घेतला आणि रोज दुपारी एक वाटी भात दिला. ते बारीक झाले नाहीत, पण वाढायचे तरी थांबले.

तेव्हापासून माझं उत्तर ठरलं. ज्याला थांबता येतं त्याला मोकळा दिवस द्यावा, ज्याला थांबता येत नाही त्याला देऊ नये. बरीच वर्षं ह्या उत्तरावर माझं भागलं. मग रत्नाबाई आली. तिला सुरूच करता येत नव्हतं.

रत्नाबाई आमगावच्या पुढच्या एका गावची. तिथल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. चांगली उंचपुरी, भारदस्त बाई, आवाज असा की शाळेची घंटा नसती तरी चाललं असतं. तिचा धाकटा भाऊ प्रमोद. जवळच्याच गावात तिचं माहेर, तिथं तो बायकोबरोबर राहायचा आणि आमगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. ठरलेल्या दिवशी गोंदियाला आमच्याच दवाखान्यात येऊन डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आणि परत जायचं. रत्नाबाईची किडनी त्याला जुळत होती. ती द्यायला एका पायावर तयारही होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, बाई धडधाकट आहे पण वजन फार आहे आणि साखर काठावर आहे. अशात एक किडनी काढली तर पुढं हिलाच महागात पडेल. आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन.

म्हणजे भावाचा जीव बहिणीच्या वजनावर अडकला होता. माझ्या टेबलावर आलेल्या इतर वजनांसारखं हे वजन नव्हतं. कुणाला लग्नाआधी बारीक व्हायचं असतं, कुणाचे गुडघे दुखतात. इथं माणूस वाट पाहत होता.

"किती दिवसात होईन?" बसायच्या आधीच तिनं विचारलं.

"बस तरी आधी."

"बसाले नाही आली मी. काय काय सोडू ते सांगा."

मी बसवलं, विचारलं, लिहून दिलं. सकाळी भाकरी, अंडं, दुपारी पोळी, डाळ, भाजी, कधी मासोळी, आणि एक लहान वाटी भात. तिनं वाचलं आणि भातावर बोट ठेवलं.

"हे काढा."

भात काढा म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. "काऊन वं?" मीही तिच्याच बोलीवर गेले.

"प्रमोद पानी मोजून पेते, मॅडम. उन्हाच्या दिवसात जीभ लाकडावानी होते त्याची, तरी घोटभरच. तो पोटभर पानी नाही पेऊ शकत, तं मी पोटभर भात कायले खाऊ?"

"नवस केलास काय?"

"आमी बुद्धाचे लोक, आमच्यात नवस-बिवस नाही. म्या त्याले शबद देल्ला. तू पोटभर पानी पेशील, त्या दिवशी मी भात खाईन."

ज्यांना ह्या दुखण्याची माहिती नाही त्यांना सांगते. किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. ते अंगात साठतं. आधी पायांवर सूज येते, मग पाणी छातीत जातं आणि माणूस बसल्या जागी बुडाल्यासारखा धापा टाकतो. म्हणून अशा माणसाचं दिवसाचं पाणी मोजून ठरवलेलं असतं. भूक सोसणारी पुष्कळ माणसं मी पाहिली. तहान सोसणाऱ्यांकडे पाहवत नाही.

रत्नाबाईचं वजन सुरुवातीला भराभरा उतरलं. मी खूश. मग काटा बसला. आठवडे गेले, तो हलेना. ओठ फुटले, केस गळायला लागले. शाळेतून तक्रार आली, खिचडीत कधी मीठच नाही, कधी दुप्पट. कारण साधं होतं, बाई खिचडी चाखायचीच बंद झाली होती. एकदा चुलीजवळ भोवळ येऊन बसली, पोरांनी पाणी मारून उठवली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मी लिहून दिलेलं तिला फार वाटत होतं, म्हणून ती त्याच्याही अर्धंच खात होती.

मी म्हटलं, "आता आठवड्यातून एक दिवस पोटभर जेवायचं. मोकळा दिवस. अंग थकलंय तुझं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे एक दिवस मी भावाले इसरू?"

"तुझी किडनी द्यायची आहे त्याला, तुझा उपास नाही!" मी ओरडलेच. "अशक्त बाईची किडनी कोणता डॉक्टर काढेल? नागपूरवाले दारातूनच परत पाठवतील!"

रत्नाबाई उठली, पिशवी उचलली आणि गेली. शेटजींना मोकळा दिवस संपवता येत नव्हता, हिला तो गुन्हा वाटत होता. दोघांनाही माझं बोलणं ऐकू येत होतं आणि दोघंही ऐकत नव्हते. बाप्पा, काय करावं माणसानं?

मग एक दिवस प्रमोद स्वतः आला. मशीनवरून उठून थेट माझ्याकडे, हाताला कापसाची पट्टी तशीच. चेहरा सुजलेला, पण बोलणं खेळकर.

"मॅडम, ताईले जेवाले सांगा न. ते समोर बसून राहते न मी जेवतो, तं घास घशात अटकते माह्या. किडनी देते ते देते, वरून उपासबी माह्याच नावावर कायले?"

"माझं ऐकत नाही ती."

"माह्यं ऐकन. मंडई येऊन राहिली ना आमच्या गावची. मंडईले ते माहेरी येईनच. मी सोता वाढतो, मंग कशी नाही म्हनते पाहू."

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस. दुकानं लागतात, पाळणे येतात, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. लेकीबहिणी माहेरी येतात. कुणाच्याही दारात पाय ठेवा, जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. 'पोट भरलंय' हे तिथं उत्तर नाही, अपमान आहे. आणि तारखा वेगवेगळ्या, त्यामुळे आज ह्या गावी, उद्या त्या गावी. आमच्या धंद्याला हा काळ फार वाईट. ह्या दिवसांत माझे पेशंट मला बाजारात पाहून रस्ता बदलायचे.

पण ह्या वेळी मंडई मलाच उपयोगी पडणार होती. प्रमोदनं बहिणीला काय सांगितलं कोण जाणे, ती आली आणि पडेल आवाजात म्हणाली, "मंडईच्या दिवशी जेवन. एकच दिवस. प्रमोदनं डोरे (डोळे) लाल केले."

"भात?"

"भातबी." मग लगेच, "शबद मोडला नाही म्या. त्या दिवसापुरता त्यानंच सोडवला."

नागपूरला वजन दाखवायची तारीख तिनं मंडईनंतरची मागून घेतली होती. दोन्हींच्या मधे चांगला आठवडा होता. चढलेलं पाणी उतरायला भरपूर. मी निश्चिंत झाले, आणि मंडईचं आमंत्रण होतं ते घेतलं.

आता पाहा, आमच्याकडे गणित कसं बिघडतं ते. त्या गावानं नाटक ठरवायला माणूस पाठवला, तर हवी ती कंपनी त्या दिवशी दुसऱ्याच गावानं बांधून ठेवलेली. नाटकाशिवाय मंडई? छट्! गाव बसलं, बोललं, आणि मंडईच पुढं ढकलली. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना निरोप गेले, मलाही गेला. नव्या तारखेला मी आमगावला उतरले, गावात पोचले, प्रमोदच्या अंगणातल्या खाटेवर बसून चहा घेतला. तारीख बदलली तर मधला आठवडाही बदलतो, हे ना त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

रत्नाबाई कप घ्यायला आली आणि म्हणाली, "बरं झालं तुमी आल्या. उद्या सकारच्या गाडीनं नागपूर. तुमीबी चालता का?"

"उद्या?"

"हो, उद्याच तं वजन हाय."

कप माझ्या हातातच राहिला. घरातून रश्श्याचा वास येत होता. त्या वासात मला उद्याचा काटा दिसायला लागला. तिचं वजन अडकून बसलं होतं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या जेमतेम आत. आज पोटभर भात आणि मिठाचा रस्सा खाल्ला, की उद्या ती मर्यादेबाहेर.

मी तिला गोठ्याच्या बाजूला घेतलं. "रत्ना, आज नको जेवू. नागपूरहून आलीस की दुसऱ्या दिवशी जेव."

तिचा चेहरा सुटला. "मी तं पयलेच म्हनत होती," असं म्हणून ती पुन्हा कामाला वळली. तेवढ्यात दारात प्रमोद. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, तुमीच सांगतलं होतं जेवाले!"

"सांगितलं होतं. पण उद्या काटा वर दाखवेल. पाणी असतं ते, पण काट्याला काय कळतं? ती नापास झाली तर ऑपरेशन लांबेल तुझं."

"लांबू द्या."

"लांबू द्या काऊन म्हनता?" त्याची बायको वैशाली चुलीपासून ओरडली. "सोताच्या जिवाशी खेर (खेळ) मांडला का?"

तो आत गेला. ताट त्यानं आधीच वाढून ठेवलं होतं. नव्या चिन्नोरचा भात, ज्याचा वास दारापर्यंत येतो, कोंबडीचा रस्सा, वांग्याची भाजी, डाळीचे वडे. उभं राहून धाप लागते म्हणून स्टुलावर बसून त्यानं एकेक पदार्थ वाढला होता, हे वैशालीनं मला नंतर सांगितलं. ताटासमोर रिकामा पाट. त्यानं स्टूल पाटाजवळ ओढलं, पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला पितळी लोटा हातात घेतला आणि बसला.

"ताई, जेव. नाही तं मी हा पेतो."

घरात पाहुणे भरलेले होते. त्या घरात लहान पोरालाही माहीत होतं की तो लोटा म्हणजे काय.

"प्रमोद, ठेव तो," रत्नाबाई म्हणाली.

त्यानं लोटा तोंडाला लावला. एक घोट गिळला. मग दुसरा. त्याचे डोळे मिटले. इतक्या दिवसांची तहान होती ती. एकदा सुरू झालं की त्यालाही थांबता येणार नाही, हे मला त्या मिटल्या डोळ्यांवरून दिसलं.

रत्नाबाईनं माझ्याकडे पाहिलं. वैशालीनंही. घरभर माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि मी आयुष्यभर जे उत्तर टाळत आले होते ते मला आता एका शब्दात द्यायचं होतं. तिच्या अंगात जाणारं पाणी चार दिवसांत उतरलं असतं. त्याच्या छातीत जाणारं पाणी तेवढं थांबलं नसतं.

"जेव," मी म्हणाले. "जेव रत्ना. मी सांगते."

ती पाटावर बसली. भावाकडे पाहून 'मेल्या' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात आता तो शब्द चालत नव्हता. मग "गधड्या!" म्हणाली, रश्श्यात भात कालवला आणि पहिला घास तोंडात कोंबला. रडत होती, शिव्या देत होती आणि जेवत होती. प्रमोदनं लोटा खाली ठेवला. ताट अर्धं झालं तेव्हा शिव्या थांबल्या. मग तिनं हात आडवा न करता भात आणखी वाढू दिला. भूक काय असते ते माझ्या टेबलावर कळत नाही. ते मी त्या दिवशी पाटाशेजारी उभी राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला काट्यानं जे दाखवायचं तेच दाखवलं. मी फोनवर तिथल्या डॉक्टरांना समजावू लागले, तर ते म्हणाले, "मॅडम, पाणी असणार हे मलाही कळतं. पण अंदाजावर मी चाकू धरत नाही. दोन आठवड्यांनी आणा." माणूस बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

थोड्या वेळानं वैशालीचा फोन. "घातलं ना जेवाले? झालं समाधान?" एवढंच बोलून तिनं ठेवून दिला.

मी माणसांच्या दुखण्यात फारशी गुंतत नसे. दवाखान्यात नोकरी करायची तर तसं राहावंच लागतं. पण ते दोन आठवडे मी जीव मुठीत धरून काढले. मधे एकदा प्रमोदला धाप लागली आणि वेळ नसताना मशीनवर घ्यावं लागलं. मी वरच्या मजल्यावर जाऊन काचेतून पाहिलं. त्यानं मला पाहून हात हलवला. मी खाली आले आणि माझा डबा तसाच परत नेला.

मला दुसरी भीती रत्नाबाईची होती. आता ही पाणीसुद्धा सोडेल असं वाटत होतं. झालं उलटंच. ती आली ती ताठ.

"जेवून राहिली काय?"

"जेवून राहिली. तुमी लिवून देल्लं तेवढं सगळं. प्रमोद रोज फोनवर इचारते, काय काय खाल्लं म्हनून. खोटं बोलली तं वरखते (ओळखतो)."

"आणि भात?"

"भात नाही," ती म्हणाली. "मंडई झाली. शबद पयलेवानी."

दोन आठवड्यांनी वजन नुसतं उतरलं नव्हतं, मंडईच्या आधी होतं त्याच्याही खाली गेलं होतं. अडकून बसलेला काटा सुटला होता. मोकळ्या दिवसानं सुटला, की मग रोज नीट जेवल्यानं, की त्या दिवशी घरात जे झालं त्यानंतर तिला झोप लागायला लागली म्हणून, हे मला विचारू नका. पुस्तकात ह्या तिन्हींची कारणं सापडतील. मी रत्नाबाईला विचारलं तर म्हणाली, "भावाचा हात लागला ना ताटाले." ते काही पुस्तकात नाही.

ऑपरेशन झालं. बहिणीची किडनी भावाच्या अंगात बसली आणि चालायला लागली. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांनी जेवण ठेवलं होतं, त्यात तीन प्रकारचे भात होते. मुद्दाम.

पुढच्या दिवाळीनंतर मंडईचं आमंत्रण आलं. ह्या खेपेला तारीख बदलली नाही. मी गेले. प्रमोद दारात उभा, सूज गेलेली, गाल बसलेले पण रंग आलेला. रत्नाबाई बारीक झाली नव्हती, पण बेताची होती आणि तशीच टिकली होती. वैशालीनं पाया पडून चहा दिला. मागच्या फोनबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

चहा पिता पिता ती म्हणाली, "मॅडम, तुमीच समजवा ह्याइले. डॉक्टर म्हनते भरपूर पानी प्या, नवी किडनी धुतली पायजे. हे तं पेतच नाही. घोटघोट चालू राहते दिवसभर."

"सवयच गेली, मॅडम," प्रमोद हसत म्हणाला. "लोटा पाह्यला की हात मांगं येते."

माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट आली. मी रत्नाबाईकडे वळले. "म्हणजे तू अजून...?"

"नाही खाल्ला," ती म्हणाली. "वर्स झालं. तो पोटभर कोठी (कुठं) पेला?"

तेवढ्यात पानं मांडली गेली. मागच्या वर्षीचाच पाट, तोच नव्या भाताचा वास. प्रमोद वाढायला उठला, ह्या वेळी उभ्यानंच. रत्नाबाईनं ताटावर हात आडवा धरला. दुसऱ्या हातानं तिनं पितळी लोटा काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढं केला.

"पे. पूरा. नाही तं मी जेवत नाही."

घरात हशा पिकला. प्रमोद माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, सांगा न हिले!"

"मी कायले सांगू?" मी म्हटलं. "मी रिटायर झाले."

त्यानं लोटा घेतला. पहिले दोन घोट तो जुन्या सवयीनं जपून प्याला. मग डोळे मिटले आणि मान वर केली. गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. रत्नाबाई त्याच्या गळ्याकडे पाहत होती. पापणी न हलवता, शेवटच्या घोटापर्यंत.

त्यानं लोटा खाली आणला. तिनं तो हातातून काढून घेतला, उलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग ताट पुढं सरकवलं.

"वाढ आता," ती म्हणाली.